उकर्डाजी आणि विरजणाची वाटी

प्लॉट पाहायला निघालेला माणूस बरोबर मोजायची फीत घेतो. आमचे उकर्डाजी पितळेची वाटी घेत.

वाटी कशाला, तर विरजण मागायला. प्लॉटच्या आजूबाजूच्या घरांच्या दारात उभे राहून ते म्हणत, "बाई, थोडंसं इरजण द्याल काय?" वाटीत चमचाभर दही पडलं की ती बाजू पास. एका घरानं जरी नाही म्हटलं, तरी प्लॉट नापास, मग तो अगदी स्टेशनाच्या तोंडाशी का असेना.

उकर्डाजींच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून जन्मल्याबरोबर आईनं त्यांना उकिरड्यावर ठेवून उचललं आणि नावही तेच ठेवलं. जमिनीशी इतक्या लवकर संबंध आल्यामुळे त्या विषयात आपल्याला कोणी शिकवू नये, असं त्यांचं मत होतं. त्या काळी वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चाले, पण मलकापुरातल्या जागांचा कारभार चाले उकर्डाजींच्या खाटेवरून. ही खाट एका खानावळीच्या ओसरीवर होती. साऱ्या गावाला जागा मिळवून देणारा गृहस्थ स्वतः ओसरीवर का राहतो, हे विचारण्याची माझी छाती नव्हती. मी शिष्य होतो.

शिष्य झालो, कारण घरमालकानं गुढीपाडव्यापर्यंत जागा सोडायला सांगितलं होतं. एक प्लॉट घ्यावा, अर्ध्यावर घर बांधावं, उरलेला अर्धा भाव चढल्यावर विकून शेट व्हावं, असा माझा साधा बेत होता. गावात कापसाच्या जिनिंग गिरण्या वाढत होत्या, आगगाड्या वाढत होत्या, आणि सगळेच शेट होणार होते. मग शाळामास्तरानंच काय घोडं मारलं होतं?

"मास्तर, खाली काय पाहून राह्यले?" हा उकर्डाजींचा पहिला धडा. "जमीन कुठीबी जमीनच रायते. चतुःसीमा पाहा."

खरेदीखतात पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक असं लिहितात, ती चतुःसीमा. उकर्डाजी माणसंही तशीच मोजत. आमच्या हेडमास्तरांबद्दल म्हणाले, "पूर्वेस सासरा, पश्चिमेस सायेब, उत्तरेस मेव्हणा अन् दक्षिणेस बायको. त्या मानसाले निघाले वाटच नाई."

दिवाळीपासून माघापर्यंत त्यांनी माझे पाच प्लॉट नापास केले. सहावा मात्र जिनिंगच्या मागचा, विहिरीजवळचा आणि माझ्या ऐपतीतला. मनातल्या मनात मी पायाही खणून टाकला. उकर्डाजी वाटी घेऊन गेले आणि रिकामी घेऊन परत आले. पूर्वेकडच्या पिंजाऱ्याच्या बायकोनं नाही म्हटलं, पश्चिमेकडच्या माळणीनंही. "शेजार खराब हाय," असा निकाल लागला. मी आज्ञाधारकपणे दोन दिवस थांबलो, तेवढ्यात तो प्लॉट एका सरकीवाल्यानं घेतला.

ही बातमी घेऊन उकर्डाजीच घरी आले. माझ्या बायकोनं शांतपणे विचारलं, "इरजण मांगाले गेलते कवा तुम्ही, काकाजी?"

"दिवे लागल्यावर. दिवसा कचेरीत होतो."

"दिवे लागल्यावर इरजण कोन देते? लक्ष्मी जाते ना घरातली."

पाडवा महिन्यावर आला होता. गुरूला सुनावण्यासाठी मी चांगले चार शब्द जमवले होते. उकर्डाजींनी हातातली वाटी खाली ठेवली.

"आपल्याले काय मालूम, बाई," ते म्हणाले. "आमच्या घरी इरजण मांगाले बायको जाची, पार गावात. कवा जाची, मी कधी पायलं नाई." मग म्हणाले, "स्टेशनापल्याड घर होतं आमचं. सस्ती भेटली म्हणून जागा घेतली. चारी बाजूनं रान. तिले कळा लागल्या, तवा हाक माराले कोनी नव्हतं. घर मंग म्याच पाडलं."

जमवलेले चार शब्द मी गिळले. मला त्या शब्दांची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ते मला कचेरीबाहेरच्या अर्जनवीसाकडे घेऊन गेले. स्टेशनापलीकडच्या त्याच जागेचा पूर्वेकडचा अर्धा भाग मला द्यायचा होता, तोही घेतल्या भावाला. हे त्यांनी शिकवलेल्या एकाही धड्यात बसत नव्हतं. अर्जनवीस चतुःसीमा लिहू लागला. उत्तरेस रस्ता, दक्षिणेस नाला, पूर्वेस पडीत.

"पश्चिमेस?"

"लिहून देनाराचं, म्हंजे माह्यं, रायतं घर."

अर्जनवीसाचा टाक थांबला. "तिथं घर कुठी हाय, उकर्डाजी?"

"लिवा तुम्ही. शेजार झाला, आता घरबी होते."

पाडव्याला आम्ही कुडाच्या दोन खोल्यांत राहायला गेलो. पश्चिमेला टिनाचं एक छप्पर उभं राहिलं होतं आणि त्याखाली तीन दगडांच्या चुलीवर दूध तापत होतं. सकाळीच उकर्डाजी वाटी घेऊन आमच्या दारात आले.

"बाई, इरजण भेटन काय?" ते म्हणाले, आणि बायको हसतेय असं पाहून त्यांनी सूर्याकडे बोट केलं. "दिवे लागाले लय येळ हाय अजून."

विरजणाला चमचाभर दही पुरतं. बायकोनं वाटी भरून दिली.