गॅरेजमधल्या वीस बैठका

शनिवारी सकाळी वीस बैठका मारून झाल्या की आर्डिस टॉलफसनला गॅरेजमधून स्वयंपाकघरात यायला चार मिनिटं लागत. मध्ये पायऱ्या तीनच होत्या. चढताना ती कठडा धरून चढे. पण काही विसरलं म्हणून परत उतरायची वेळ आलीच, तर शिडीवरून उतरावं तशी पाठमोरी उतरे.

"झाल्या?" तिचा नवरा लेरॉय वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता विचारी.

"झाल्या."

"मग बस की."

"बसेन. घाई नाही."

बसायचं म्हणजे मांड्यांची परवानगी घ्यावी लागे, आणि मांड्या उत्तर देत नसत.

या सगळ्याला कारण भाचा. तो नौदलात गेला आणि लोखंडी बार, तो टेकवायची घोडी, वजनाच्या थाळ्या आणि एक पिवळी पडलेली पुस्तिका आत्याच्या गॅरेजमध्ये टाकून गेला. पुस्तिकेतली कृती सरळ होती. जे वजन खांद्यांवर घेऊन जेमतेम दहा बैठका होतात, तेच घेऊन वीस मारायच्या. दोन बैठकांच्या मध्ये बार खाली न ठेवता तीन खोल श्वास. मंगळवार, गुरुवार, शनिवार. दर वेळी पाच पौंड वाढवायचे. सहा आठवडे, आणि रोज एक गॅलन दूध. आर्डिस धान्याच्या कोठारावर मक्यातला ओलावा मोजायची, त्यामुळे आकडा दिसला की तिला तो पडताळून बघावासा वाटे. साठ पौंडांनी सुरुवात केली तर अठराव्या दिवशी एकशे पंचेचाळीस होतात, म्हणजे बरोब्बर तिचं स्वतःचं वजन. (पुढे दुधामुळे तिचंच वजन आठ पौंडांनी वाढलं, तेव्हा हे गणित चुकलं, पण तोवर चौदा दिवस झाले होते.)

दहाव्या बैठकीपर्यंत माणूस विचार करतो. बाराव्या बैठकीला विचार थांबतात. पंधराव्या बैठकीला फक्त पुढचा श्वास उरतो. आणि विसावी संपवून बार घोडीवर टेकवला की डोक्यात अशी शांतता पसरायची, जी तिला तीस वर्षं चर्चमध्ये ऑर्गन वाजवूनही सापडली नव्हती. शिवाय गावात प्रत्येक गोष्टीला समिती होती. कॉफीला, फुलांना, अंत्यविधीनंतरच्या जेवणाला. आर्डिस चार समित्यांवर होती. तिच्या आयुष्यात समिती नसलेली ही एकच गोष्ट होती, आणि ती पुरी करायचीच असं तिने ठरवलं होतं. सांगितलं मात्र कुणालाच नव्हतं, कारण त्या गावात आपण होऊन आपलं काही सांगणं म्हणजे फुशारकी.

अडचण पायांची होती. चर्चच्या ऑर्गनला हातांच्या पट्ट्यांखाली पायांच्याही पट्ट्या असतात, आणि सगळा खर्ज त्या पायांच्या हवाली. चौथ्या रविवारी शेवटच्या स्तोत्राचा लांबलचक खर्ज धरून ठेवताना आर्डिसचा उजवा पाय थरथरू लागला. गवयाने मुद्दाम गमक घ्यावी तसा तो स्वर हलला, आणि खिडक्यांच्या काचा त्याला साथ देऊ लागल्या.

"ऑर्गनला झालंय काय?" संगीत समितीच्या अध्यक्ष हिल्डरबाईंनी कॉफी ओतता ओतता विचारलं. त्या एकाहत्तर वर्षांच्या होत्या.

"गारठा असेल," आर्डिस म्हणाली.

जून महिना होता.

दोन आठवड्यांनी चर्चचा शंभरावा वाढदिवस होता, बिशप यायचे होते. म्हणून समितीने शहरातून ऑर्गन दुरुस्त करणारा बोलावला. तो दोन दिवस नळ्यांच्या जंगलात शिरून बसला. एक लोकरीचा हातमोजा आणि उंदराचं रिकामं घरटं घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, ऑर्गन ठणठणीत आहे.

पुढच्या रविवारी खर्ज पुन्हा थरथरला. आता ऑर्गन ठणठणीत असेल, तर बिघाड वाजवणारीत आहे, हे गावाने दोन दिवसांत शोधून काढलं. बुधवारी दारात पहिला हॉटडिश आला: नूडल्स, खिमा आणि वर डब्यातलं मशरूम सूप, सगळं एकत्र भाजलेलं. आजारी माणसाच्या घरी जातो तसा. शुक्रवारपर्यंत नऊ झाले.

"सांगून टाक ना त्यांना," लेरॉय म्हणाला.

"काय सांगू? मी खांद्यावर एकशे चाळीस पौंड घेऊन उठते म्हणून? मिरवतेय म्हणतील."

"मग उद्याच्या तेवढ्या सोड. परवा बिशप आहेत."

"सतरा झाल्यात, लेरॉय. अठरा आहेत."

लेरॉय उठला आणि दहाव्या हॉटडिशसाठी फ्रीझरमध्ये जागा करू लागला.

दहावा शनिवारी सकाळी आला. तो हिल्डरबाईंच्या हातात होता, आणि बरोबर तरुण पास्टर डहल होते. उद्याच्या कार्यक्रमात शेजारच्या गावची मुलगी वाजवेल, हे आर्डिसला हळुवारपणे सांगायचं काम त्यांच्याकडे होतं. समोरची घंटा कुणी ऐकेना, म्हणून ते गॅरेजच्या दाराने आले.

आर्डिस तेरा पुऱ्या करून उभी होती. चेहरा बिटासारखा, डोळे छताला.

"अगं बाई, झटका आलाय हिला," हिल्डरबाई म्हणाल्या.

पास्टर पुढे धावले. घोडीजवळ उभा असलेला लेरॉय आडवा आला.

"हात लावू नका पास्टर. श्वास घेतेय ती. तीन झाले की बसेल."

आर्डिस बसली, उठली.

"किती राहिल्या?" पास्टरांनी हलक्या आवाजात विचारलं.

"सहा."

पंधरा, सोळा. आर्डिसला ते तिघं दिसत होते, पण लांबून, शेताच्या पलीकडून दिसावेत तसे. सतराव्या बैठकीला हिल्डरबाई नकळत मोठ्याने मोजू लागल्या. एकोणिसाव्या बैठकीला आर्डिस खाली गेली आणि अर्ध्यावर थांबली. पास्टरांनी हात जोडले. ती वर आली. तीन श्वासांचे तिने सात घेतले, मग विसावी मारली, बार घोडीवर आदळला आणि ती जमिनीवर बसली, कारण आता दुसरं काही शक्यच नव्हतं.



"वाईट नाही," पास्टर म्हणाले. त्या गावात याच्याहून मोठं कौतुक नाही.

"उद्या मी वाजवणार," आर्डिस जमिनीवरून म्हणाली.

हिल्डरबाईंनी तिच्या पायांकडे पाहिलं. "याच पायांनी?"

"दुसरे नाहीत."

रविवारी खर्ज पहिल्या स्तोत्रापासून शेवटच्यापर्यंत थरथरला. असा भावनेने भरलेला स्वर आपण कधी ऐकला नव्हता, असं बिशप कॉफी घेताना म्हणाले.

"भावना नाही, मांड्या आहेत त्या," हिल्डरबाई म्हणाल्या आणि त्यांनी बिशपांना सगळं सांगितलं. दुसऱ्याविषयी सांगायला त्या गावात बंदी नव्हती.

मंगळवारी संध्याकाळी आर्डिस गॅरेजमध्ये गेली, तर पाच बाया झाडूचे लांब दांडे खांद्यांवर घेऊन ओळीत उभ्या होत्या. हिल्डरबाईंकडे वही होती.

"समिती नेमलीय. अध्यक्ष मी, सचिव तू," त्या म्हणाल्या. "पहिला ठराव लिही. शनिवारी बैठका बंद. रविवारी ऑर्गन असतो."

आर्डिसने वही घेतली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: शनिवार वगळून. मग बाया कॉफी कुणी आणायची यावर बोलू लागल्या, तशी ती लेरॉयजवळ सरकली.

"बार तळघरात मावेल का रे?"

लेरॉयने विचार केला.

"मावेल," तो म्हणाला. "पण तिथे पायऱ्या बारा आहेत."