बेटावरची बारा मिनिटं

"पाचही कॉम्प्युटर डोमेनवर, म्हणजे पालिकेच्या नेटवर्कवर, सापडत नाहीत," असा निरोप आला तेव्हाच कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या ऑडवारने ओळखलं, की हा शुक्रवार आपला नाही. बेटावरचं पालिकेचं ऑफिस म्हणजे पाच टेबलं आणि वाफल भाजायचं एक यंत्र. पण बिघाड राजधानीला शोभतील असे. संध्याकाळी सहाला त्याच्या लेकीच्या, इंगविलच्या, शाळेच्या बँडचा कार्यक्रम होता. मागचे दोन बापाने कामापायी बुडवले होते. परतीची शेवटची बोट तीन चाळीसची.

त्याने केबल तपासल्या, यंत्रं बंद करून चालू केली, एक कॉम्प्युटर डोमेनमधून काढून परत जोडायला गेला, तर तो पार बाहेरच बसला. दोन वाजता टेबलाखालून डोकं काढताना त्याचं लक्ष पडद्याच्या कोपऱ्याकडे गेलं.

"सोलफ्रीड, तुमची घड्याळं बारा मिनिटं पुढे कशी?"

"आर्नस्टाइनमुळे," ऑफिस सांभाळणारी सोलफ्रीड वाफल उलटत म्हणाली. "हा कामाला इथे, राहतो खाडीपलीकडे, आणि याची बोट चुकते. मग रात्री आमच्या सोफ्यावर. म्हणून वर्षापूर्वी भिंतीवरचं घड्याळ पुढे केलं. आज सकाळी म्हटलं, कॉम्प्युटरही करून टाकावेत. दोन घड्याळांत दोन वेळा बघून डोकं फिरतं रे बाबा!"

"पण वेळ बदलायला पासवर्ड लागतो, तो कुठून मिळाला?"

"तूच नाही का दिलास, प्रिंटरच्या वेळी?"

ऑडवारने कपाळाला हात लावला. पाच मिनिटांहून जास्त फरक पडला, की सर्व्हर कॉम्प्युटरला ओळखच दाखवत नाही, हे त्याने थकल्या आवाजात समजावलं. मग पाचही घड्याळं ताळ्यावर आणली, पासवर्ड बदलला, आणि खुर्चीवर चढून भिंतीवरचंही बारा मिनिटं मागे घेतलं.

"जगात वेळ एकच असते," तो वरूनच म्हणाला.

"असेल बाबा. आधी वाफल खा," सोलफ्रीड म्हणाली.

सगळे कॉम्प्युटर सापडले. बरोबर तीन पस्तीसला तो आर्नस्टाइनसोबत धक्क्यावर पोहोचला. बोट खाडीच्या मध्यावर होती.

"अरे, पाच मिनिटं बाकी आहेत!" ऑडवार ओरडला.

"बोट सोलफ्रीडचा नवरा चालवतो," आर्नस्टाइन शांतपणे म्हणाला. "बायकोच्या ऑफिसशी घड्याळ जुळवून ठेवतो तो. घरात भांडण नको म्हणून. तू आज मागे घेतलंस, हे त्याला कुठे ठाऊक?"

"म्हणजे घड्याळ पुढे करून तुला बोट मिळायला लागली?"

"छे. अजूनही चुकते. पण आज सोबत आहे, बरं वाटतंय."

ऑडवार तिथेच खांबावर बसला. त्याला रडूच यायचं बाकी होतं. लेकीला तिसऱ्यांदा काय सांगायचं?

सांगितलं त्याच्या बायकोनेच, आणि जे सांगितलं ते त्याने विचारलं नाही. सहाला तिने सभागृहातून फोनवर व्हिडिओ लावून दिला. सोलफ्रीडने तो ऑफिसातल्या मोठ्या पडद्यावर घेतला. आज कॉम्प्युटर तक्रार न करता चालला. तिघे खुर्च्या ओढून बसले. बँडमास्तरांनी इशाऱ्याची छडी उचलली, आणि ती खाली येण्याआधीच इंगविलच्या पितळी कॉर्नेटचा सूर एकटाच खणखणीत लागला. बाकीचा बँड मागून धावत आला.

"पोरीने घाई केली," आर्नस्टाइन हळूच म्हणाला.

ऑडवारने डोळे पुसले.

"मुळीच नाही," तो म्हणाला. "ती वेळेवर होती. बाकीचे मागे पडले."