लोखंड बाहेर!

गांगुर्डे सरांना भेटायचं असेल, तर आधी कमरेचा पट्टा काढावा लागतो. घाबरू नका, माणूस अगदी सज्जन आहे. फक्त आमच्या कॉलेजच्या तळघरात जो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आहे, त्याच्या खोलीत लोखंडाला आणि चुंबकाला सक्त बंदी आहे. दाराशी स्टुलावर प्लॅस्टिकचा ट्रे असतो. मोबाइल, किल्ल्या, पट्टे, केसांतल्या पिना, सगळं त्यात. मग सर हातात होकायंत्र घेऊन आपल्याभोवती आरती ओवाळल्यासारखं फिरवतात. काटा जरा हलला की गर्जना होते, "लोखंड बाहेर!"

एकदा संस्थेचे एक पदाधिकारी पाहणीला आले होते, ते एका हाताने पँट धरून आत गेले आणि तशीच धरून बाहेर आले. पाहणी लवकर आटोपली.

मी त्याच कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते आणि सरांना मदत करते, म्हणून सांगते, यात वेड कमी आणि शास्त्र जास्त आहे. या यंत्रात काचेची भिंगं नसतात, चुंबकाची असतात. आणि सरांना मोजायचं असतं ते डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या कणाचं चुंबकत्व. मुख्य भिंगाच्या जोरापुढे त्या कणाचं काय चालणार? म्हणून सर ते मोठं भिंग चक्क बंद ठेवतात. मग कणाजवळून जाणारा इलेक्ट्रॉन किंचित वाकतो. किती वाकला, यावरून कणाचा जोर कळतो.

"बँड चालू असताना नवरीचा उखाणा ऐकू येतो का मॅडम?" सर विचारतात. "आधी बँड बंद करायचा!"

सर मूळचे चांदवडचे. वर्गात बोलतात ते पुस्तकी, पण चिडले की गाव बाहेर येतं. आणि चुंबकाने दुखणी बरी करणाऱ्यांवर ते फार चिडतात. एका प्रदर्शनात शोभावहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, चुंबक शिवलेला गुडघ्याचा पट्टा हातात घेतला. एसीत बसून बसून सरांचा गुडघा धरायचा ना! सरांनी दुकानदारालाच धरलं. "पुरावा दाखवा! यात दम किती? मोजलाय का कुणी?" बघ्यांची गर्दी जमली. वहिनींनी मुकाट्याने पैसे दिले आणि मान खाली घालून चालू लागल्या. पुढे त्या मला म्हणाल्या, "पट्टा अजून पिशवीतच आहे गं. माझं ऐकतील तर ते गांगुर्डे कसले?"

वहिनी मागच्या वर्षी गेल्या. तेरावं झालं तसे सर कामावर हजर झाले, आणि दारातली तपासणी आणखी कडक झाली.

त्यातच संस्थेने फर्मान काढलं. दिवाळीपर्यंत एक तरी स्वच्छ मोजमाप दाखवा, नाहीतर यंत्र दुसरीकडे देऊन टाकू. सरांनी गंगापूर धरणाच्या काठचा गाळ आणला होता. त्यातल्या काही जीवाणूंच्या पोटात चुंबकाचे कण माळेसारखे ओवलेले असतात. त्या माळेचं चुंबकत्व मोजायचं. फोटोला काही सेकंद लागतात, आणि तेवढ्यात चित्र हलायचं. रोज!

"नाय म्हंजे नाय," सर म्हणाले. "यंत्र जाऊ देणार नाय."

मग शोध सुरू झाला. लिफ्ट बंद करवली. दारावरच्या वॉचमन निवृत्तीभाऊंच्या काठीचं लोखंडी टोक उपटलं. वर पार्क होणाऱ्या गाड्या हलवल्या. लोखंडी खुर्ची गेली आणि घरून प्लॅस्टिकची आली. तिच्यावर सर यंत्राला चिकटून बसत, श्वास रोखत, आणि चित्र पुन्हा हलत असे.

एके दुपारी सरांना प्राचार्यांनी वर बोलावलं. तपासायला कुणी नव्हतं, म्हणून मी पिना न काढताच आत शिरले आणि सहज त्यांच्या जागी बसून फोटो घेतला, तर चित्र दगडासारखं स्थिर! सर धावत आले, बसले, पुन्हा घेतला. हललं.

"तुमची पिन!" सर ओरडले.

मी रागाने सगळ्या पिना ट्रेमध्ये आपटून आले. केस मोकळे सोडून सरांच्या शेजारी बसले, तरी चित्र हललंच. तेव्हा माझं लक्ष सरांच्या पायाकडे गेलं. फोटो निघेपर्यंत त्यांचा उजवा गुडघा शिवणयंत्रासारखा हलत होता. मी त्यांचंच होकायंत्र उचललं आणि गुडघ्याजवळ नेलं. काटा गर्रकन फिरला.

तपासणाऱ्याला आजवर कुणी तपासलंच नव्हतं. मला हसू आवरेना. "सर, लोखंड बाहेर!"

सर हसले नाहीत. त्यांनी पँटवरूनच गुडघ्यावर हात ठेवला.

"तिच्या पट्ट्यात दम नाय, असं मीच म्हणायचो," ते हळूच म्हणाले. "म्हणून कधी डोक्यातच आलं नाय."

मग खाली बघत म्हणाले, "ती होती तोवर एकदाबी बांधला नाय हो."

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. मी पिना आणायच्या निमित्ताने बाहेर गेले. सर मागोमाग आले. त्यांनी गुडघ्याचा पट्टा सोडला, त्याची नीट घडी घातली, रुमालात ठेवली आणि रुमाल ट्रेमध्ये. "निवृत्तीभाऊ, याच्यावर कुणाच्या किल्ल्या पडू देऊ नका."

त्या दुपारी चित्र हललं नाही. संगणकाने हिशेब करून चुंबकत्वाच्या रेषा काढल्या. एका कणातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, सगळ्या एकाच दिशेने गेलेल्या. सर कितीतरी वेळ बघत राहिले. "यातला एखादा बारका कण एकटा ठेवला, तर नुसत्या उबेनं दिशा विसरतो. शेजारच्यानं धरलेलं असतं म्हणून टिकतो."

यंत्र आमच्याकडेच राहिलं.

त्या दुपारी बाहेर आल्यावर सर ट्रे बाजूला करून स्टुलावर बसले, पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि पट्टा बांधायला लागले.

"गुडघ्याला फरक पडतो का हो सर?" मी विचारलं.

"काडीचा नाय," सर म्हणाले. "शास्त्र बदलत नसतं मॅडम." आणि त्यांनी पट्टा सोडून पुन्हा बांधला, जरा आणखी घट्ट.