ड्रमवाले आणि बासरीवाले

“रेकॉर्ड वाजून झाली की मऊ फडक्यानं पुसायची, उलटी करायची आणि पुढच्यासाठी तयार ठेवायची. दोन्ही बाजू सारख्या झिजल्या पाहिजेत. आणि ऐकणाऱ्याच्या हातात कधी द्यायची नाही.”

वाचनालयाचे जुने ग्रंथपाल निवृत्त होताना एवढं सांगून गेले, त्याला सात वर्षं झाली. त्यांच्या जागी आलेल्या बाईंनी ते शब्द रोजच्या नेमासारखे पाळले. ताप असो, पाऊस असो, रेकॉर्ड पुसली आणि उलटली नाही असा दिवस गेला नाही.

श्रवणकक्ष म्हणजे काचेची एक खोली. आत खुर्ची आणि हेडफोन, बाहेर बाईंच्या टेबलावर रेकॉर्ड प्लेयर. महिन्याला एक रेकॉर्ड, माणशी अर्धा तास. ऐकून झालं की वहीत अभिप्राय लिहायचा. आवाज सगळा हेडफोनमध्ये, त्यामुळे बाईंच्या कानावर काही पडत नसे. त्यांना दिसायची ती फक्त डोलणारी डोकी.

या महिन्यात पन्नास वर्षांपूर्वीची, फार नावाजलेली फोक-रॉकची रेकॉर्ड होती. पहिल्याच दिवशी बाईंचे यजमान ऐकून गेले. ते घड्याळं दुरुस्त करत. त्यांच्या पाठोपाठ बाईंचा धाकटा भाऊ आला. तो चष्मे करून द्यायचा आणि बाईंच्याच घरी वरच्या मजल्यावर राहायचा. संध्याकाळी तिघं नेहमीसारखी जेवायला बसली.

“काय गोड बासरी आहे हो,” यजमान म्हणाले. “एक गिटार, एक बासरी. बस. नदीकाठी बसल्यासारखं वाटलं.”

भाऊ घास तोंडाशी नेता नेता थांबला. “बासरी? भावजी, ड्रमनं माझे दात हलले.”

“त्यात ड्रम नाहीच.”

“नाही कसा? आत शिरल्याशिरल्या ड्रम. भावजी, तुमच्या कानाला नंबर लागलाय.”

“आणि तुझा काटा सरकलाय. दुकानात दिवसभर मशीन घरघरतं, तेच डोक्यात बसलंय.”

बाईंनी दोघांना आमटी वाढली आणि विषय बदलून पाहिला. विषय बदलला नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊ खात्री करायला पुन्हा ऐकून आला. नशीब असं, की पुन्हा ड्रमच. यजमानही गेले, त्यांना पुन्हा बासरी. आवडनिवड वेगळी असती तर एक वेळ चाललं असतं. इथे प्रत्येकाला वाटू लागलं, की समोरचा धडधडीत खोटं बोलतोय.

हळूहळू हे लोण वाचनालयात पसरलं. पोस्टमन ड्रमवाला निघाला, नर्सबाई बासरीवाल्या. वहीत कुणी लिहिलं, ‘इतकी शांत रेकॉर्ड दुसरी नाही.’ त्याखाली लगेच, ‘वरील सद्गृहस्थांनी कान तपासून घ्यावेत.’

आठव्या दिवशी भाऊ जेवायला खाली आलाच नाही. जिन्यातूनच म्हणाला, “ताई, मी दुकानाजवळ खोली बघितलीय. रविवारी सामान हलवतो.”

“अरे, एका रेकॉर्डपायी?”

“रेकॉर्डचं काही नाही गं. खोटारड्या माणसाबरोबर एका ताटात कसं जेवायचं?”

“जाऊ दे त्याला,” आतून यजमान म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी एका घड्याळाला दुसऱ्याच घड्याळाचे काटे बसवले.

बाईंना अन्न गोड लागेना. आई गेल्यावर या भावाला त्यांनीच वाढवलं होतं. शेवटी शनिवारी दुपारी वाचनालय बंद असताना त्या स्वतः काचेच्या खोलीत गेल्या आणि डोळे मिटून ऐकत बसल्या. बासरी. गिटार. नदीकाठ. भाऊच चुकला म्हणायचा. वाईट वाटलं. बाहेर येऊन त्यांनी सवयीनं रेकॉर्ड पुसली, उलटी केली. अजून वेळ होता, म्हटलं पुन्हा एकदा ऐकावी.

ड्रमचा पहिला दणका बसला आणि बाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या.

रविवारी सकाळी भाऊ खोकी घेऊन जिन्यात, यजमान वर्तमानपत्रामागे. बाई दोघांच्या मध्ये उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज मुळातच हळू, आता जवळजवळ नव्हताच.

“अर्धीच ऐकलीत. तुम्ही एक बाजू, याने दुसरी. मीच दर वेळी उलटी करत होते.”

मग वर्तमानपत्र हलायला लागलं. यजमान हसत होते.

“म्हणजे ड्रम आहे?”

“आहे. आणि बासरीही आहे.”

“ताई,” खोकं खाली ठेवत भाऊ म्हणाला, “पेला तू फोडायचास आणि कान आम्ही पिळायचे एकमेकांचे?”

“भावजी म्हणतोस ना, मग धर एका बाजूनं,” यजमान उठले. दोघांनी मिळून खोकं वर नेलं. बाई जिन्याच्या पायरीवर टेकल्या. आठवड्याभरात पहिल्यांदा त्यांचा श्वास पोटापर्यंत गेला.

खाली येता येता भाऊ म्हणाला, “पण पोस्टमन आणि नर्सबाईंचं काय? ते रस्त्यात एकमेकांकडे बघत नाहीत.”

“सांगते ना. ज्यांनी अर्धी ऐकली त्या प्रत्येकाला, घरी जाऊन सांगते. शब्द दिला.”

“फक्त याच महिन्यातल्यांना?” यजमानांनी विचारलं.

बाई बोटांवर मोजू लागल्या. सात वर्षं. महिन्याला एक.

“अगं, म्हणजे गेल्या वर्षीचा तो गाणारा… मला वाटलं, बिचारा शेवटपर्यंत रडतच राहिला.”

“दुसऱ्या बाजूला त्याचं लग्न होतं, भावजी. मी ऐकलंय.”

दोघं हसत सुटले. बाईंनी मात्र वाचनालयात जाऊन कपाटातली सगळ्यांत जुनी वही काढली. पहिल्या पानावर एका तिकीट तपासनिसांचा अभिप्राय होता. ‘गाणी उत्तम. मात्र मध्येच संपल्यासारखी वाटतात. कदाचित माझीच चूक असेल.’

बाईंनी त्याखालचा पत्ता उतरवून घेतला, त्यांनी ऐकलेली ती रेकॉर्ड शोधून कापडी पिशवीत नीट ठेवली, आणि चपला घालून निघाल्या.