सरांच्या समुद्रातला लाल्या

"ताई, एक चांगलं अँटिबायोटिक द्या. लाल्या पडलाय."

"कुणाला?"

"टँकला," गायकवाड सर म्हणाले.

मी सावेडीत मेडिकल चालवते. माणसं काय काय मागतात याचं मला आता नवल वाटत नाही. ताप आलेल्याला गोळी हवी असते आणि न आलेल्याला घरात असू द्यावी म्हणून हवी असते. पण फिशटँकसाठी गोळी मागणारे हे पहिलेच. मी थकून विचारलं, "डॉक्टरांची चिठ्ठी?"

"डॉक्टरचाच टँक हाय की," ते म्हणाले. त्यांच्या मते प्रश्न मिटला होता. मी गोळी दिली नाही, तेव्हा त्यांनी खिशातून चिक्की काढून मला दिली आणि जिना चढून वर गेले.

सर माझ्या दुकानाच्या वरच राहतात. मूळचे नेवाशाकडचे. मुलांच्या एका वसतिगृहाचे अधीक्षक होते, लग्न केलं नाही, सारा जन्म तिथल्या मेसमध्ये जेवले. दुकानासमोर दातांचे डॉक्टर होते, त्यांनी दवाखाना बंद करून पुण्याला जायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्या वेटिंग रूममधला खाऱ्या पाण्याचा टँक घ्यायला कुणी तयार होईना. सर कवळी बसवायला गेले होते. "एवढी लेकरं कुठं जातील?" म्हणाले आणि टँक घरी घेऊन आले. कवळीचं राहूनच गेलं.

तेव्हापासून, जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट बघत आम्ही बादल्या मांडून बसतो, त्या नगरात पहिल्या मजल्यावर एक समुद्र आहे. फिल्टरच्या पाण्यात पिशवीतलं मीठ विरघळवून सर तो बनवतात. समुद्राला ड्रमभर पाणी लागतं, सर स्वतः अर्ध्या बादलीत अंघोळ उरकतात. सकाळी काचेसमोर उभे राहून हजेरी घेतात. नारिंगी पट्ट्यांची जोडी वेळेवर येते, पिवळा मात्र दगडामागून बाहेर यायला उशीर करतो. त्याला रोज तेच ऐकावं लागतं, "उद्यापासून गेट बंद व्हईल."

सरांची दुसरी खोड म्हणजे "जेवलात का?" हा प्रश्न. त्यांच्या तावडीतून कुणी सुटत नाही. माझ्या दुकानात येणारे कंपनीचे प्रतिनिधी, रिक्षावाले, दारातला कुत्रा, सगळ्यांची चौकशी होते. उलट्यांची गोळी न्यायला आलेल्या एका बाईंपुढेही त्यांनी शेंगदाणे धरले होते. स्वतः खाताना समोरच्याला न विचारता घास घेणं त्यांना जमतच नाही.

तर लाल्या. कपाशीची पानं लाल पडतात तो लाल्या सरांना लहानपणापासून ठाऊक, म्हणून टँकमधल्या रोगालाही तेच नाव. तळाच्या वाळूवर, दगडांवर तांबडा बुळबुळीत थर चढायचा, त्यातून बारीक बुडबुडे निघायचे. दर रविवारी मला बोलावणं यायचं. "तुमी फक्त नळी धरा, ताई." मी नळी धरायची, सर तोंडाने पाणी ओढून ती सुरू करायचे, आणि लाल्या दुधावरच्या सायीसारखा अख्खाच्या अख्खा नळीत शिरायचा. वाळू पांढरीशुभ्र व्हायची. पुढच्या रविवारी पुन्हा तांबडी. आठवड्यातली माझी एकुलती एक सुट्टी या नळीत वाहून जात होती आणि मला अगदी वीट आला होता.

पुण्याचा टँकवाला फोनवर एकच सांगायचा, "काका, खाणं कमी करा. उरलेलं खाणं कुजतं, त्यावर हे वाढतं."

"मी कुठं जास्ती घालतो?" सर दुखावून माझ्याकडे बघायचे. "सकाळी एक चिमूट. बायबलवर हात ठिवून सांगतो."

सर खोटं बोलणाऱ्यातले नव्हेत, त्यामुळे कोडं सुटत नव्हतं. इकडे दगडांवरची, फुलांसारखी उमलणारी प्रवाळं मिटून गेली. एक तर विरघळूनच गेलं. पिवळा मासा कोपऱ्यात धापा टाकू लागला. त्या रविवारी सर नळी हातात घेऊन नुसते उभे राहिले. "वसतिगृह बंद झालं तवा शेवटचं कुलूप मीच लावलं, ताई. आता हे बी बंद पडलं तर मला न्हाई सोसायचं." मी नळी धरली.

शेवटी टँकवाल्याने जालीम उपाय सांगितला. दिवा बंद, टँक चारी बाजूंनी झाकायचा, तीन दिवस उजेड नाही आणि खाणंही नाही. सरांनी वसतिगृहाची करड्या रंगाची जुनी ब्लँकेटं काढून टँक गुंडाळला. आता नळी नाही, या विचाराने मला खरं तर हायसं वाटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सर दुकानात आले आणि काउंटरला धरून उभे राहिले. "चक्कर येती. एखादी गोळी द्या."

त्यांचाच प्रश्न मी त्यांना पहिल्यांदा विचारला, "सर, जेवलात का?"

ते टॉनिकच्या बाटल्यांकडे बघत राहिले. "टँक झाकल्यापासून जेवन न्हाई. च्या घेतो."

मी त्यांना ग्लुकोजचं पाणी पाजलं, शटर अर्धं ओढलं, माझा डबा घेतला आणि त्यांना धरून वर नेलं. रविवारी मी जायची तेव्हा नळीसाठी टेबल बाजूला सरकवलेलं असायचं. आज ते जागेवर होतं, अगदी टँकला टेकून. एक खुर्ची, तोंड टँककडे. एक ताट पालथं. शेजारी वाटीत धुतलेली सुकट आणि वाळून गेलेला उकडलेल्या अंड्याचा बलक.

"सर, हे काय?"

"ते माझ्या जेवनातलं. मी बसलो की समदी काचेला येऊन बघतात. मग घासातला घास द्यावाच लागतो."

"दोन्ही वेळा?"

"च्याला बी बिस्कीट असतं."

"आणि तुम्ही बायबलवर हात ठेवून सांगत होतात!"

"ताई, खायला घालनं येगळं. हे नुस्तं इचारनं झालं." मग ब्लँकेटकडे बघत हळूच म्हणाले, "समोर कुनी असलं की न इचारता खाता येत न्हाई. आन् कुनीच नसलं की घास उतरत न्हाई."

मला रागवायचं होतं. इतक्या रविवारांचा हिशेब मागायचा होता. पण माझे यजमान नोकरीला जामखेडला असतात, शनिवारीच येतात. दुकानात गिऱ्हाइकांच्या मध्ये उभ्याउभ्या डबा संपवते ती मी, मी त्यांना काय बोलणार?

मी टेबल खिडकीशी ओढलं, स्वयंपाकघरातून स्टूल आणलं आणि सरांना टँककडे पाठ करून बसवलं. डब्यातली मेथीची भाजी ताटात वाढली. सरांनी डोळे मिटून प्रार्थना केली. मग भाकरीचा तुकडा मोडला आणि सवयीने माझ्यापुढे धरला. मी घेतला. मग ते जेवले, पोटभर जेवले.

आता रोज दुपारी मी डबा घेऊन वर जाते. जिना चढून गुडघे दुखतात, आणि सर तीच ती वसतिगृहाची हकीकत पुन्हा सांगतात. लाल्या मात्र हटला. प्रवाळं उमलली, पिवळा अजूनही उशिराच येतो.

मध्ये मी माहेरी, सोनईला, आठवडाभर राहून आले. परतल्यावर वर गेले तर टेबल खिडकीशीच होतं, सर हसतमुख होते, पण टँकच्या कोपऱ्यात वाळूवर तळहाताएवढा तांबडा डाग होता. सर माझी नजर चुकवत होते.

रविवार नव्हता, तरी मी नळी मागितली.