आंदोलनाचा मूळ अर्थ

जामसंड्यातले आमचे शेजारी आंतोन मास्तर यांच्यासमोर शब्द जपून वापरावा लागतो. एकदा एक खलाशी खांद्यावर होडीची डोलकाठी घेऊन चालला होता. मास्तरांनी त्याला भर उन्हात अडवलं.

"डोलकाठीतलो 'डोल' खंयसून इलो, सांग बघूया?"

"मास्तरानू, काठी तरी खाली ठेवूं दे!"

तेवढं थांबतील तर ते मास्तर कसले! "संस्कृतात दोला म्हणजे झोको. दोलाचो झालो डोल. समाजला?"

मास्तर मराठी-संस्कृत शिकवून निवृत्त झाले. रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर, बाकीचे सहा दिवस शब्दांच्या मागावर.

गेल्या वर्षी आमच्या वाडीतली शाळा पटसंख्येअभावी बंद करायचं ठरलं. मग चालू ठेवायचं ठरलं. मग पुन्हा बंद. शेवटी आम्ही तालुक्याच्या शिक्षण कचेरीसमोर जाऊन बसलो. मास्तरही आले, काखेत शब्दकोश घेऊन. दुपारी एक तरुण साहेब बाहेर आले.

"हे आंदोलन ताबडतोब थांबवा."

मास्तर उठले. आम्ही कपाळावर हात मारला.

"साहेब, आंदोलन म्हणजे काय?" साहेबांसाठी त्यांनी खास शुद्ध मराठी काढली होती.

"म्हणजे... घोषणा, निदर्शनं."

"तो अर्थ अलीकडचा. मुळात आंदोलन म्हणजे झुलणं, लाटेसारखं हेलकावणं. आम्ही तर सकाळपासून एका जागी बसलोय. झुलतोय तो तुमचा निर्णय. मग आंदोलन कोण करतंय?"

सगळे हसले. साहेबही हसले, आणि चक्क खुर्ची मागवून बसले. पुढच्या आठवड्यात ते स्वतः शाळा बघून गेले. शाळा राहिली. "ते माझे मास्तर!" असं मी पार तळेरे गावापर्यंत सांगत सुटलो.

आदेश आला त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. मास्तर बायकोच्या फोटोखाली एकटेच बसले होते.

"मास्तरानू, तुमच्यामुळे शाळा वाचली."

"शाळेन माका वाचवल्यान रे," ते हळूच म्हणाले. "मेरी गेल्यापासून घरात शब्द सांगूक कोण नाय. शाळा सुटली की पोरांका वाटेत गाठतंय. तीय गेली असती तर..."



मी त्यांना हात धरून आमच्याकडे जेवायला आणलं. पानं मांडली होती. आयुष्यात पहिल्यांदाच मी आपणहून विचारलं, "मास्तरानू, 'लाट' शब्द खंयसून इलो?"

मास्तर सरसावून बसले. जेवण निवून गेलं, पण घरात कोणीच घाई केली नाही.