जस्त कुठून आलं?

यंत्रात घातलं होतं नुसतं शुद्ध पाणी, आणि यंत्र म्हणत होतं, त्यात जस्त आहे. पाणी तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेतल्या रसायनतज्ज्ञाने स्वतःच्या हातांनी दुसरा फ्लास्क भरून पुन्हा तपासलं. यंत्र आपल्या शब्दावर ठाम. आज सोमवार, आणि शुक्रवारी तपासनीस येऊन परवान्याचं ठरवणार होते.

“मावशी, फ्लास्क नीट धुतले नाहीत तुम्ही.”

मावशी बारा वर्षं तिथलं काचसामान धूत होत्या. “रात्रभर ॲसिडात बुडवले, पाच पाण्यांतून काढले. आता काय अंगाई म्हणू त्यांना?”

“राहू द्या. मीच धुतो.”

“मग हातमोजे तरी घाला, साहेब.”

“काच निसटते त्यांतून.”

त्याने सगळं उघड्या हातांनी विसळलं. मंगळवारी जस्त दुप्पट झालं. त्याने दहा पाण्यांतून काढलं. बुधवारी आकडा असा चढला, की त्यापेक्षा नळाचं पाणी बरं.

रविवारी घरची गॅलरी घासल्यापासून त्याचे हात खाजतच होते. या धुण्यापायी ते सोलवटले. बुधवारी संध्याकाळी ते बघून बायकोने फर्मान काढलं, “उद्या कामावर जायचं नाही.”

“अगं, परवा तपासणी आहे!”

“या हातांनी काय दिवे लावणार आहात?”

गुरुवारी दुपारी प्रयोगशाळेतून सहकारी बाईंचा फोन आला. “मावशींनी धुतलं, मी तपासलं. जस्त शून्य!”

तो आनंदाने ओरडला, आणि मग त्याला ते फारसं आवडलं नाही. मावशींनी असं काय केलं होतं, जे त्याने केलं नव्हतं? तेवढ्यात बायको गुलाबी औषधाची बाटली हलवत आली. “अहो, रविवारपासून हातांना थापताय, संपत आली ही. दुसरी आणू?”

त्याने बाटली हातात घेतली. बारीक अक्षरात पहिलंच नाव होतं: झिंक ऑक्साईड. झिंक म्हणजे जस्त. तीन दिवस तो फ्लास्कना औषध चोळत होता.

शुक्रवारी सकाळी तो आधी धुण्याच्या खोलीत गेला. “मावशी, चुकलं माझं. जस्त माझ्या हातांचं होतं.”

मावशींनी त्याचे हात उलटेसुलटे करून पाहिले. “फार आग होते का?” एवढंच विचारलं.

दुपारी तपासनिसांनी कागद चाळले. “शून्य! इतकं निर्मळ काम क्वचित दिसतं. तुमची देखरेख कडक दिसते.”

“नाही,” तो म्हणाला. “काल मी घरी होतो.”

“म्हणूनच,” मागून मावशी म्हणाल्या.